स्पॅम म्हणजे ‘अवांछित’ की ‘अनाहूत’?

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाकडून सभासदांना नवी पुस्तके आणि व्याख्याने यांची माहिती महिन्यातून दोनदा ईमेलने जाते. काही सभासद तिला ‘स्पॅम’ म्हणतात, तर कार्यकारिणीच्या मते ती रीतसर जाहिरात आहे. सूचनापत्रकासाठी ‘रद्दी’, ‘अयाचित’, ‘अवांछित’ आणि ‘अनाहूत’ असे चार शब्द सुचले आहेत. यांपैकी कोणता घ्यावा?

उत्तर : ‘रद्दी’ आधी बाजूला ठेवावी. रद्दी म्हणजे आपणच पैसे मोजून घेतलेली आणि वाचून झालेली वर्तमानपत्रे, आणि रद्दीवाला तिचेही वजनावर पैसे देतो. स्पॅमच्या बाबतीत यातले काहीच खरे नाही. ‘अयाचित’चा शब्दशः अर्थ ‘न मागितलेले’ असा असला, तरी आपल्याकडे अयाचित वृत्ती हा सद्गुण समजला जातो. लॉटरी लागल्याची खोटी पत्रे त्या पंगतीला बसवणे बरे दिसत नाही.

खरा पेच ‘अवांछित’चा आहे. नको वाटणे हे घेणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. दिवाळी अंकांच्या सवलतीची जी पत्रे मी स्वतः नाव नोंदवून मागवतो, तीच मार्गशीर्षात मला नकोशी होतात. पण तेवढ्याने पाठवणारा मागाहून दोषी ठरत नाही. मी ‘आता पुरे’ असे कळवल्यावरही तो पाठवतच राहिला, तर मात्र ठरतो.

‘अनाहूत’ म्हणजे न बोलावलेला. अनाहूत पाहुणा सज्जन असू शकतो आणि अनाहूत सल्ला बरोबरही असू शकतो, तरी बोलावणे नव्हते ही गोष्ट उरतेच. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण धाडले. माल खरा होता, नावही खरे होते. तरीही पहिले स्पॅम म्हणून त्याचाच उल्लेख होतो, कारण ते कोणी मागवले नव्हते. तेव्हा कसोटी मजकुराची नसून संमतीची आहे. अर्थात एखाद्या अनोळखी वाचकाने आपल्याला लिहिलेले एकच पत्रही अनाहूतच असते, म्हणून व्याख्येत ‘घाऊक’ हे विशेषण जोडावे लागेल.

स्पॅमचा विरुद्धार्थी शब्द म्हणून ‘कायदेशीर’ वापरू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात पूर्वसंमतीची अट नाही. पाठवणाऱ्याने आपली खरी ओळख आणि टपालाचा पत्ता द्यावा आणि नाव वगळण्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळावी, मुख्यतः एवढ्यावर भागते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार मात्र, जुन्या ग्राहकांबाबतची सवलत सोडल्यास, आधी संमती घ्यावी लागते. म्हणजे तेच पत्र एका देशात कायद्यात बसते आणि दुसऱ्यात बसत नाही. आपल्याकडे ट्रायचे (भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) २०१८ चे विनियम फोन आणि एसएमएस यांच्यापुरते असले, तरी त्यांतील व्याख्याही ग्राहकाची संमती आणि त्याने नोंदवलेली पसंती यांवरच उभी आहे. म्हणून ‘संमत जाहिरात’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आमच्या सभासदत्वाच्या अर्जावर ‘पुस्तक परतीच्या सूचनेसाठी ईमेल’ एवढाच रकाना आहे. मग काय म्हणावे?

उत्तर : मग परतीची सूचना हा सेवा-संदेश झाला आणि व्याख्यानाचे पत्र, व्याख्यान कितीही उत्तम असले तरी, अनाहूतच ठरते, त्या सभासदांचे म्हणणे खरे आहे. अर्जात वेगळा रकाना घालून संमती घेतली की तेच पत्र संमत होईल. सूचनापत्रक छापताना ‘हू’ दीर्घ राहील एवढे पाहावे. ऱ्हस्व ‘आहुत’ म्हणजे होमात अर्पण केलेले, आणि ‘अनाहत’ तर योग्यांना ऐकू येणारा नाद.