पेगन घरातल्या मुलाला इतर धर्म किती दाखवायचे?

सावंतवाडीची

"मुलाला आत्ता काहीच शिकवायचं नाही, मोठं झाल्यावर त्याचं ते ठरवेल," असं इंग्लंडमधले बरेच पेगन, म्हणजे निसर्ग आणि युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणारे, आई-वडील म्हणतात. मला ते पटत नाही. मुलाला सगळे धर्म मोकळेपणाने भेटू द्यावेत, पण घरात एक तरी आचार नेमाने आणि मनापासून चालू असावा. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

आम्ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहतो. नवरा विक्का मानणारा. मी माहेरचे गौरी-गणपती करते. सासूबाई मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या; दर रविवारी चॅपल, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, चुकवत नाहीत. मुलगी सात वर्षांची आहे.

ज्यांना विक्काची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडमधला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून हा पेगन पंथ लोकांसमोर आणला. एक देवी, तिचा जोडीदार शिंगं असलेला देव, आणि ऋतुचक्रावर बेतलेले आठ सण. सैतानाचा त्यात काहीही संबंध नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पेगन' लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी 'विक्का'. म्हणजे लोक थोडे, आणि त्यातले बहुतेक पहिल्या पिढीतले. कित्येकजण कडक ख्रिस्ती घरांतून बाहेर पडलेले असतात. धर्म लादला जाणं काय असतं हे त्यांनी भोगलेलं असतं, म्हणून स्वतःच्या मुलांना काही द्यायलाच ते धजत नाहीत.

आमच्याकडे ३१ ऑक्टोबरला साउइन असतो, पूर्वजांची रात्र. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतो. नवऱ्याचे आजोबा कथिलाच्या खाणीत होते, म्हणून त्यांच्यासाठी पास्टी, म्हणजे सारण भरून कड पिळलेली मोठी करंजीच. कडेचा जाड पीळ त्यांच्या बाजूला येईल अशी ठेवायची, कारण खाणकामगार तिथेच धरून खायचे असं सांगतात. माझ्या आजोबांसाठी मुलगी बेसनाचा लाडू ठेवते. ते जेवण पूर्ण मौनात होतं. दुसऱ्या दिवशी ताट बागेत रिकामं करतो. पितृपक्षातलं पान पाहिलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी ती आजीबरोबर चॅपलला जाऊन स्तोत्रंही म्हणते. दोन्ही ती मनापासून करते.

इथल्या सरकारी शाळांत रोज सामूहिक प्रार्थना घ्यावी असा कायदा आहे आणि ती प्रामुख्याने ख्रिस्ती वळणाची असते. पालकांना मुलाला त्यातून वगळण्याचा हक्क आहे. आम्ही तो वापरलेला नाही.

वसईकर

ताई, धागा आवडला, पण मत पूर्ण विरुद्ध आहे.

धर्म म्हणजे सणांची यादी नव्हे. त्याचं काहीतरी म्हणणं असतं. चॅपलमधलं स्तोत्र सांगतं की येशू हाच प्रभू. घरी आल्यावर देवीसमोर मेणबत्ती लागते. सात वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार? कुठलंच वाक्य खरं मानून म्हणायचं नसतं, एवढंच. ती सासूबाईंच्या श्रद्धेत पाहुणी म्हणून बसते, आणि पाहुण्याला घराची जबाबदारी नसते.

आमच्याकडे मूल तान्हं असतानाच बाप्तिस्मा होतो. पुढे कॉलेजात असताना मला खूप शंका आल्या, फादरांशी तासन्‌तास वाद घातला. पण वाद घालायला काहीतरी हातात होतं.

निरीश्वर

माझा आक्षेप दोघांवरही आहे. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम १४ मुलाला विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य देतं. आई-वडिलांनी मार्गदर्शन करावं, पण मुलाच्या वाढत्या समजेनुसार, असं त्यात आहे. सात वर्षांच्या मुलीला मृतांचं ताट मांडायला लावणं ही मोकळीक नव्हे. माहिती द्या, गोष्टी सांगा, सगळी देवळं-चर्च दाखवा. विधीत सामील करू नका.

सावंतवाडीची

@निरीश्वर, माहिती आणि सहभाग इतके वेगळे काढता येतात असं मला वाटत नाही. पणजोबांची गोष्ट आम्ही आधीही सांगायचो, ती ऐकायची आणि विसरायची. त्यांचं ताट मांडायला लागल्यावर तिने विचारलं, खाणीत अंधार असायचा तर मग ते काय बघून जेवायचे? तो प्रश्न हात कामाला लागल्यामुळे आला. आणि कोणावरही सक्ती नाही. तिला नको असेल त्या दिवशी ती वरच्या खोलीत वाचत बसते.

कलम १४ मलाही मान्य आहे. पण त्यात आई-वडिलांचं मार्गदर्शन गृहीत धरलेलं आहे, त्यांनी गप्प बसावं असं कुठेही म्हटलेलं नाही.

@वसईकर, पाहुण्याचा मुद्दा लागला. त्यावर विचार करून लिहिते.

अनघा_इंडियाना

वादात एक बाजू राहून जाते आहे, म्हणून लिहिते. मोकळेपणा ठेवायचा की नाही हे पेगन घरांना नेहमी स्वतःच्या मर्जीने ठरवता येत नाही.

आमच्या इंडियाना राज्यातलं एक प्रकरण सांगते. आई-वडील दोघंही विक्का मानणारे, घटस्फोट झाला. मुलगा कॅथलिक शाळेत जात होता. म्हणजे घरचा धर्म एक, शाळा दुसऱ्या धर्माची, आणि दोघांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं. पण न्यायाधीशांनी घटस्फोटाच्या आदेशातच अट घातली की मुलाला 'मुख्य प्रवाहाबाहेरच्या' श्रद्धा आणि विधींपासून दूर ठेवावं. आई-वडिलांपैकी कोणीही तशी मागणी केलेली नव्हती! २००५ साली अपील कोर्टाने ती अट काढून टाकली. तोवर आदेशाप्रमाणे त्या आई-वडिलांनी आपला धर्म आपल्याच मुलापासून लपवायचा होता.

तुमच्याकडेही १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर सैतानी विधींच्या संशयावरून नऊ मुलांना पहाटे घरांतून उचलून नेलं होतं. आरोपांना आधार सापडला नाही आणि मुलं परत आली. ती कुटुंबं पेगन म्हणून ओळखली जाणारीही नव्हती. पण त्या काळातल्या पेगन आई-वडिलांनी घरातला ऑल्टर, म्हणजे पूजेची मांडणी, कपाटात का ठेवला असेल, हे त्यावरून समजतं.

म्हणून वसईकर, तुमच्या आई-वडिलांनी बिनघोर बाप्तिस्मा दिला, ते सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. चारचौघांत सांगता येईल असा धर्म मुलाला देणं हेसुद्धा या लोकांना नव्याने मिळालेलं आहे. सावंतवाडीची, तुम्ही मुलीला सगळीकडे मोकळेपणाने वावरू देता, ते फार मोलाचं आहे. फक्त ती आमच्या राज्यातल्या एखाद्या गावात असती तर मी सांगितलं असतं, जरा जपून.

सदाशिव३०

मला वेगळीच काळजी वाटते. ही मंडळी आपल्या देवता हव्या तशा उचलतात. काली आयर्लंडच्या ब्रिजिड देवीशेजारी, गणपती खिडकीत शोभेला. पूजा नाही, सोवळं नाही, परंपरा नाही. अशा घरात मुलीला गणपती हा 'एनर्जी'चा एक प्रकार म्हणूनच कळणार. ताई, हा मोकळेपणा आपल्याच अंगावर येतो.

सावंतवाडीची

@सदाशिव३०, तुमचा राग रास्त आहे. असे ऑल्टर मी पाहिलेत आणि मलाही ते खटकतात. आमच्या घरात म्हणूनच सरमिसळ नाही. नवऱ्याच्या ऑल्टरवर गणपती नसतो. चतुर्थीला गणपती येतो तो माझ्या पाटावर, दीड दिवसांसाठी. पूजा मी सांगते, नवरा आरतीला टाळ वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मातीची मूर्ती बादलीत विसर्जित करतो. विक्काच्या आठ सणांपैकी बेल्टेनच्या दिवशी, १ मेला, पुढाकार त्याचा. इथल्या पॅडस्टो गावात त्या दिवशी 'ऑबी ऑस' हे घोड्याचं सोंग निघतं, काळं कापड ताणलेल्या मोठ्या गोल सांगाड्याखाली माणूस नाचतो, मागे ढोल आणि अकॉर्डियन. तिथे मी मागे राहते. चीज ज्या घराण्याची, ती त्याच घराण्याच्या गायकीत शिकवावी, एवढाच नियम.

वसईकर, तुम्हालाही माझं उत्तर हेच आहे. चॅपलमध्ये सासूबाई मुलीला कथा सांगतात त्या त्यांच्या श्रद्धेने सांगतात. "आमचं असं आहे, तुझ्या बाबांचं वेगळं आहे" अशी पुस्ती जोडावी अशी अपेक्षा आम्ही कधी ठेवली नाही. तिला तीन माणसं तीन गोष्टी खऱ्या मानताना दिसतात. कुठलंच वाक्य खरं मानायचं नसतं, असं ती त्यातून शिकेल हे मला मान्य नाही. कॉर्नवॉलच्या शाळांच्या धर्मशिक्षणात २०१२ पासून पेगन परंपरांनाही जागा आहे, पण शाळा माहिती देते. श्रद्धा असलेला माणूस कसा वागतो, ते घरातच बघायला मिळतं.

वसईकर

तीन माणसांचा मुद्दा मानतो. मग बाप्तिस्म्याचं काय? सासूबाईंनी विचारलं असेलच.

सावंतवाडीची

विचारलं, दोनदा. आम्ही म्हटलं की तिला मोठी होऊन निवडू दे. मेथडिस्ट चर्चमध्ये बाप्तिस्मा कुठल्याही वयात होतो. विक्काच्या बाजूनेही तेच आहे. तिचा नामकरणाचा विधी झाला, पण वचनं आम्ही दिली, तिच्याकडून एकही घेतलं नाही. आमच्या भागातला गट १८ वर्षांखाली कोणाला दीक्षा देत नाही. दोन्हीकडे नियम एकच ठेवलाय. सासूबाईंना वाईट वाटलं.

वसईकर

वाटणारच. लहान मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्यांच्या दृष्टीने, आणि त्यात मेथडिस्टही आले, बाप्तिस्मा ही बाळाने केलेली निवड नसतेच. देवाची कृपा माणसाच्या होकाराआधी येते, बाळ ओळखायच्याही आधी, हे दाखवायला तान्ह्या मुलाला पाण्याजवळ नेतात. 'तिला निवडू दे' म्हणताना तुम्ही सासूबाईंना त्यांच्या श्रद्धेचा गाभाच सोडायला सांगता. तुमचा नियम दोन्हीकडे सारखा दिसतो, पण तो विक्काच्या मापाने कापलेला आहे.

सावंतवाडीची

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. बराच वेळ बोललो. बाप्तिस्मा आत्ता न देण्यावर आम्ही दोघंही ठाम आहोत, पण यापुढे सासूबाईंना निवडीचं कारण सांगणार नाही. त्या विधीत मूल ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्याचं वचन आई-वडिलांना सगळ्या मंडळींसमोर द्यावं लागतं. ते वचन आम्हाला खरेपणाने देता येणार नाही आणि त्यांच्या चॅपलमध्ये उभं राहून खोटं बोलायचं नाही. रविवारी जेवायला येतील तेव्हा हेच सांगू.