टी(८;१४): मुलाच्या गाठीतील हा दोष आनुवंशिक आहे का?

प्रश्न
माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटात गाठ सापडली आणि बायोप्सीत बर्किट लिम्फोमाचे (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कर्करोगाचे) निदान झाले. अहवालात ‘टी(८;१४)’ अशी नोंद आहे. उपचार लगेच सुरू झाले. त्या धावपळीत मी डॉक्टरांना एवढेही विचारू शकले नाही, की हा दोष आम्हा आईवडिलांकडून त्याच्यात आला का, आणि त्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी करावी का. चार रात्री झोप नाही.

उत्तर (गुणसूत्र प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ)
ताई, हा दोष तुमच्याकडून आलेला नाही. टी(८;१४) म्हणजे ८ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल. ती शरीरातील एखाद्याच बी पेशीत (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीत) घडते आणि गाठ तिच्याच वंशातून वाढते. बाकीच्या पेशींत ती नसते. ८ क्रमांकाच्या गुणसूत्रावरील मिक हे जनुक पेशीला वाढण्याचा हुकूम देते. ते १४ क्रमांकाच्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडे घडवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसले, की ते शेजारचे जनुक बी पेशीत सतत जागे असल्यामुळे मिकलाही विसावा मिळत नाही. फिश तपासणीत, म्हणजे गुणसूत्रांवर चमकते रंग लावून केलेल्या तपासणीत, आम्ही मिकच्या दोन बाजूंना लाल आणि हिरवा रंग लावतो. निरोगी पेशीत ते ठिपके एकमेकांना खेटून पिवळसर दिसतात. गाठीतील पेशीत मात्र एक जोडी फुटलेली असते आणि लाल व हिरवा ठिपका दूर दूर पडलेले दिसतात. केवळ या नोंदीवरून बहिणीची तपासणी करण्याचे कारण नाही. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशियासारखे जन्मजात विकार लिम्फोमाचा धोका वाढवतात, परंतु ते दुर्मीळ आहेत.

उत्तर (एक पालक)
माझ्या मुलीला अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा हा लिम्फोमाचा दुसरा प्रकार होता आणि तिच्या अहवालात टी(२;५) होते. गुणसूत्र बिघडले म्हणजे आजार अधिक गंभीर, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या नोंदीने निदान पक्के झाले. त्या बदलातून एएलके हे प्रथिन सतत कार्यरत राहते, आणि आजार उलटल्यास या प्रथिनाला रोखणारे क्रिझोटिनिब हे औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मुलांसाठी मंजूर झाले.

उत्तर (तंत्रज्ञ)
बर्किटमध्येही तसेच आहे; सुमारे ८० टक्के रुग्णांत टी(८;१४) आढळते, म्हणून ती त्या आजाराची ओळख आहे, वाईट लक्षण नव्हे. १३ क्रमांकाच्या गुणसूत्राचा भाग गळालेला असणे यांसारखे जोडीचे बदल आहेत का, हे मात्र डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण काही अभ्यासांत त्यांचा संबंध आजार उलटण्याशी आढळला आहे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. उद्या अहवालाची प्रत घेऊन जाते आणि जोडीच्या बदलांविषयी विचारते.