फॅन्कोनी ॲनिमिया : संशोधक आणि कुटुंबांची बैठक भरवताना काय सांभाळावे?

प्रश्न : मुलीची आई
नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला फॅन्कोनी ॲनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेत (बोन मॅरोत) रक्तपेशी पुरेशा न बनण्याचा आनुवंशिक आजार, आहे. तिचा अंगठा जन्मतःच आखूड असल्याने ती पेन्सिल दोन बोटांच्या बेचक्यात धरून लिहिते. पण त्या अंगठ्याचा आणि घसरत्या प्लेटलेट्सचा संबंध लागायला सहा वर्षे गेली. आता काही कुटुंबे आणि या आजारावर काम करणारे संशोधक यांची दोन दिवसांची बैठक भरवण्याची जबाबदारी आम्हा तिघा पालकांवर आली आहे. यापूर्वी आम्ही एका ठिकाणी तिच्या रक्ताचे नमुने संशोधनासाठी दिले होते. पुढे त्यांचे काय झाले, हे आम्हाला कोणीही कळवले नाही. तसे कोणत्याही कुटुंबाच्या वाट्याला पुन्हा येऊ नये, यासाठी आखणी कशी करावी?

उत्तर : एक प्रौढ रुग्ण
ताई, माझ्या बोन मॅरो प्रत्यारोपणाला बारा वर्षे झाली. कळकळीची विनंती अशी की, प्रत्यारोपण झालेल्यांना बरे झालेले समजून वगळू नका. प्रत्यारोपणाने रक्त सुधारते, परंतु डीएनएची दुरुस्ती नीट न होण्याचा मूळ दोष शरीरातील बाकीच्या पेशींत तसाच राहतो आणि म्हणूनच तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका आम्हाला इतरांपेक्षा कितीतरी अधिक, तोही तरुण वयातच असतो. मी नेमाने आरशासमोर टॉर्च धरून जिभेच्या कडा आणि गालांची आतली बाजू पाहतो. जर्मनीतील कुटुंबांच्या मेळाव्यांत तज्ज्ञ बारीक ब्रश घेऊन येतात, संशयास्पद डागावर तो फिरवून पेशी घेतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दर वेळी तुकडा कापावा लागत नाही आणि बिघाडाची चाहूल लवकर लागते. तुमच्या बैठकीत भाषणे थोडी कमी झाली तरी चालतील, पण अशा तपासणीला वेळ ठेवाच.

उत्तर : प्रयोगशाळेत काम करणारी संशोधक
आपल्याला कळवले गेले नाही, ही चूक संशोधकांच्या बाजूची आहे. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीच, निष्कर्ष कोण कळवणार, केव्हा आणि कोणत्या भाषेत, हे लिहून घ्यावे. आमचीही एक अडचण सांगते. काही रुग्णांच्या रक्तातील पेशींत दोष आपोआप दुरुस्त झालेला असतो, त्यामुळे गुणसूत्रे तुटतात का हे पाहणारी रक्ताची चाचणी जवळजवळ सामान्य येऊ शकते. अशा वेळी त्वचेच्या पेशी तपासाव्या लागतात. हे कुटुंबाला आधी समजावले नाही, तर त्वचेचा नमुना मागणे म्हणजे विनाकारण छळ वाटतो, आणि तसे वाटणे रास्तच आहे.

या आजाराला कारणीभूत ठरणारी वीसहून अधिक जनुके आज ज्ञात आहेत. एकाच रुग्णालयातील चार-पाच रुग्णांवरून निष्कर्ष काढता येत नाहीत, म्हणून १९८२ मध्ये संशोधक अर्लीन ऑउरबाख यांनी अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात या रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंदणी सुरू केली. नाळेच्या रक्ताचे जगातील पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसमध्ये झाले, तेही हाच आजार असलेल्या मुलावर, त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्ताने. बहीण निरोगी असल्याचे ऑउरबाख यांनी गर्भावस्थेतच तपासले होते, रक्त हॅल ब्रॉक्समेयर यांनी गोठवून जपले, आणि प्रत्यारोपण एलियान ग्लुकमान यांनी केले. यांतील एकही दुवा निखळला असता, तर ते प्रत्यारोपण झाले नसते.

उत्तर : दुसरे पालक
अमेरिकेत १९८९ मध्ये लिन आणि डेव्ह फ्रोनमेयर यांनी संशोधनासाठी निधी उभारला. त्यांच्या तीन मुलींना हा आजार होता. आई-वडिलांनी पैसा उभा केला की कोणते प्रश्न आधी घ्यायचे, यावरही त्यांचे म्हणणे ऐकले जाते. म्हणून कुटुंबांचे प्रश्न महिनाभर आधी मागवा आणि संशोधकांना त्या प्रश्नांच्या क्रमानेच बोलायला सांगा. निरोगी भावंडांसाठीही वेगळी बैठक असावी. दाता म्हणून तपासले जाण्याचे दडपण त्यांच्यावर असते. आणि ज्यांच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, त्यांना संसर्ग लवकर होतो, म्हणून आपल्या खोलीतूनच सहभागी होण्याची सोय करा.

मुलीची आई
आपणा सर्वांची आभारी आहे. आज संमतीपत्राचा मसुदा नव्याने लिहायला घेतला असून, निष्कर्ष कळवण्याचे कलम पहिल्याच पानावर ठेवले आहे.