गर्दुल्ल्याच्या घरी पालखी न्यायची की नाही?

खाडीकाठ
शिमगा तोंडावर आलाय. परवा देवळात गावकी बसली होती. ढोलाचं चामडं कुठून बदलून आणायचं यावर पाऊण तास गेला. मग एकजण उठून म्हणाला, "त्या गर्दुल्ल्याच्या घरी पालखी जाणार नाही. त्या घराची वर्गणीही घ्यायची नाही." हे दोन मिनिटांत ठरलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे देव वर्षातून एकदा देऊळ सोडून घरोघरी येतो. पालखी अंगणात टेकते, बायका ओटी भरतात, गाऱ्हाणं घातलं जातं. त्यासाठी चाकरमानी मुंबईहून रजा टाकून येतात. पालखी ज्या घराला वळसा घालून पुढे जाते, ते घर गावात असून नसल्यासारखं.

ज्याला गर्दुल्ला म्हणतात तो मुलगा चोवीस वर्षांचा, बोटीवर खलाशी होता. माझं मेडिकल आहे. काही वर्षांपूर्वी तो पाठ धरून दुकानात यायचा. जाळं ओढून ओढून कंबर गेली होती. डॉक्टरांनी एकदा ट्रामाडोल, म्हणजे सवय लागू शकणारी वेदनाशामक गोळी, लिहून दिली होती. पुढे तो तीच जुनी, चुरगळलेली चिठ्ठी आणायचा आणि मी ती नीट न बघता पट्टी काढून द्यायचो. २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली, रजिस्टर कडक झालं, तेव्हा मी हात आखडला. त्याची पाठ आणि त्याची सवय मात्र तशीच राहिली. मग बंदरावर त्याला कुणीतरी ब्राउन शुगरची, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनची पुडी दिली.

माझ्या घरी पालखी येणार आहे. खांद्यावर घ्यायचा मानही आहे. म्हणून विचारतो, हे बरोबर होतंय का?

तांडेल
काका, तुम्ही कबूल केलंत त्याबद्दल मान देतो. पण आमचीही बाजू ऐका. माझ्या बोटीवर असाच एक होता. एका रात्रीत जाळ्याची शिसं कापून भंगारात घातली. जाळं नव्याने भरायला किती खर्च येतो ते बोटवाल्याला विचारा. दुसऱ्या खेपेला पहाटे जाळं ओढताना त्याचा डोळा लागला, दोर सैल सुटला आणि शेजारच्या खलाशाच्या पायात अडकला. तो वाचला ते त्याचं नशीब.

घरची तऱ्हाही तीच. आईने अंगणात वाळत घातलेली काजूबी पोत्यासकट विकली. आता तुम्ही म्हणणार आजार आहे. कावीळ झालेल्याने कुणाची शिसं चोरल्याचं ऐकलंय का? आजार म्हटलं की सगळ्यांनी गप्प बसायचं, असं चालणार नाही. लहान पोरं बघतायत. गावाने कुठेतरी रेघ ओढायलाच हवी.

मुंबैचा_पाहुणा
रेघ ओढा, पण कायदा बघून ओढा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात कायदा आहे. २०१६ सालचा, २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्गणी न घेणं, देवकार्यातून घराला वगळणं, हे सगळं त्यात बसतं. रायगड-रत्नागिरीतल्या गावकीच्या वाळीत प्रकरणांची त्या वेळी किती चर्चा झाली होती, आठवत असेल.

तांडेल
घ्या. आता गावावरच केस! पुडी विकणारा मोकळा फिरतो, त्याचं नाव घ्यायची तुमच्या कायद्याची हिंमत नाही.

गजालीकार
तांडेलांनू, शिशाचा दुख्ख माका कळता. पण आमच्या गावात गेल्या वर्षी पालखीपुढे सगळ्यात जास्त नाचणारो कोण होतो? सकाळीच क्वार्टर मारून इल्लो. तेच्या घराक देव दोनदा जाता!

सोलकढी
गजालीकारांच्या बोलण्यात हसण्यासारखं आहे तेवढंच खरंही आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंच्याहत्तर वयाच्या लोकांत दारू पिणारे शंभरात साडेचौदा, अफू, हेरॉइन आणि या वेदनाशामक गोळ्या मिळून दोन. दारुड्याला आपण "मामा जरा टाइट आहे" म्हणून हसून सोडतो. दुसऱ्याला नावच वेगळं. मुंबईत ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगरला गर्द म्हणायचे, त्यावरून गर्दुल्ला. हा शब्द एकदा चिकटला की त्याच्या आतल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. काकांच्या पोस्टमध्येही बघा, बैठकीत एकानेही त्याचं नाव घेतलेलं नाही.

आणि हा शब्दसुद्धा सगळ्यांना लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या मुलाचं हेच झालं. तो "डिप्रेशनमध्ये" होता, पुण्याला "ट्रीटमेंट" चालू होती. खलाशी पोरगा मात्र गर्दुल्ला. अमेरिकेतही हेच झालं. काळ्या वस्त्यांत हेरॉइन होतं तोवर तुरुंग. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन आली, कंपनीने व्यसनाची भीती कमी असल्याचं सांगून ती खपवली, गोऱ्या घरांतली पोरं मरायला लागली आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं की हा आजार आहे. कंपनीने २००७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला, पण तोवर उशीर झाला होता.

नारळी
अमेरिका राहू द्या. हे सगळं बाहेरून येतं. परप्रांतीय खलाशी आले तेव्हापासून बंदरं बिघडली. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर पाकिटं वाहून आली होती, विसरलात?

खाडीकाठ
ती चरसाची होती, चरस वेगळा. आणि या पोराला पहिली गोळी कुठल्या परप्रांतीयाने दिली नाही. मी दिली. वर लिहिलंय.

अडुळसा
मी पंधरा वर्षं नर्स आहे, त्यातली काही व्यसनमुक्तीच्या वॉर्डात गेली. तांडेलभाऊंचं एक मला पटतं, चोरी ही चोरीच. शिशांचे पैसे त्याने फेडायलाच हवेत. पण तो चोरी कधी करतो ते मी बघितलंय. टर्की म्हणतात त्याला. पुडी मिळाली नाही की नाक-डोळे वाहतात, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, हाडं कुणी पिळतंय असं वाटतं, जुलाब. चादर धरून माणूस रात्रभर पाय झाडतो. त्या वेळी त्याला मजा नको असते, ते थांबायला हवं असतं.

आणि ते थांबवता येतं. ब्यूप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे, जिभेखाली ठेवून विरघळवायची. तिने तलफ उतरते, माणूस कामाला जाऊ शकतो. लोक म्हणतात "एक नशा सोडून दुसरी दिली." मधुमेहवाल्याला इन्सुलिन देताना असं कुणी म्हणत नाही. याउलट, घरच्यांनी कोंडून, बांधून, भगताकडे नेऊन महिनाभर कोरडा ठेवलेला मुलगा मी गमावलाय. महिन्याभरात शरीराची सवय मोडते. बाहेर आला, कुणीतरी टोमणा मारला, त्याने जुन्या मापाने घेतलं. श्वासच थांबला. सोबत दोघे होते, पोलिसांच्या भीतीने पळाले. अशा वेळी श्वास परत आणणारं नालोक्झोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं असतं तर वाचला असता.

वाळीत टाकण्याचं मला भय वाटतं ते यासाठी. गावाने तोंड फिरवलं की माणूस एकटा घेतो, दार लावून.

तांडेल
ताई, तुम्ही हे जवळून बघितलंय, तुमच्याशी वाद नाही. पण पोलिसांचं काय? उपचाराला गेला की नाव जाणार, घरावर छापा पडणार. मग कोण जाईल?

मुंबैचा_पाहुणा
अमली पदार्थांच्या त्याच कायद्यात, १९८५ च्या, कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा थोड्या मालाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. हे गावात कुणी सांगत नाही. पोलीस तर नाहीच नाही.

तांडेल
बरं. हे मला ठाऊक नव्हतं. तरी सांगतो, बोटीवर मी त्याला घेणार नाही. समुद्रात माझ्यासोबत आठ माणसं असतात. त्यांच्या घरच्यांना मी जबाबदार.

अडुळसा
बोटीवर घेऊ नकाच. अजून वर्षभर तरी नको. पालखी म्हणजे बोट नव्हे, एवढंच म्हणते.

खाडीकाठ
आज संध्याकाळी मानकऱ्यांकडे जाऊन आलो. सांगितलं की त्या घरी पालखी नसेल तर माझ्या खांद्यावरही नको, आणि का ते दुकानातल्या पट्टीसकट सांगितलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तू कशाला हे उकरून काढतोस?" पुन्हा बैठक बोलावतो म्हणालेत. बोलावतील की नाही, देव जाणे.

काजूबाग
नवीन आहे इथे. शेजाऱ्यांच्या मुलाबद्दल विचारायचं होतं. त्या जिभेखालच्या गोळीसाठी रोज जावं लागतं का? शेजारी एकटेच कमावते आहेत. आणि पहिल्या दिवशी काय न्यायचं?

अडुळसा
सुरुवातीला रोज जावं लागतं, समोर बसवून देतात. मात्रा नीट बसली की काही दिवसांची गोळी घरी मिळू शकते. १४४४६ वर फोन लावायला सांगा, फुकट आहे, जवळचं केंद्र कळेल. आधारकार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या असतील तर न्या. एक लक्षात ठेवा, पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच देतात, आधी दिली तर त्रास वाढतो. म्हणून आदल्या रात्री तो तळमळेल, तेव्हा घाबरू नका. म्हणजे, शेजाऱ्यांना सांगा घाबरू नका. रात्री काही वाटलं तर मला इथेच मेसेज करा.