पाच माणसांचा खिमा-पास्ता एकाच कुकरात: तळ लागतो आणि पास्ता गिचका होतो

मानेवाडा_स्वयंपाकघर विचारतात:

इंग्रजी कृतींमध्ये एका भांड्यातला बीफ-पास्ता हा स्वस्त आणि पोटभरीचा रात्रीचा स्वयंपाक मानतात. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम बीफचा खिमा, तेवढाच पास्ता, डब्यातला टोमॅटो, वरून चीज. सगळं एकातच शिजतं, भांडी कमी पडतात. हेच नागपुरात पाच माणसांसाठी (तीन मोठे, दोन लहान) करायचं आहे. मटणाचा खिमा चालेल, चिकनचाही. घरात ५ लिटरचा साधा शिट्टीचा कुकर आणि एक जाड बुडाचा गंज आहे.

अडचणी तीन आहेत. अर्धा किलो मटण खिमा घेतला की स्वस्ताईच संपते. कुकरात तळाला मसाला लागतो. आणि पास्ता कधी गिचका होतो, तर कधी मधोमध कच्चा राहतो. पाण्याचं नेमकं माप आणि शिट्ट्यांचा हिशेब कोणी सांगेल का? लहान मुलांना फार तिखट चालत नाही.

---

गंजभर_रस्सा:

ताई, आधी पैशाचं बघू. मटण ८०० रुपये किलो धरलं तर अर्ध्या किलोचे ४०० होतात. त्याऐवजी पाव किलो खिमा आणि ६० ग्रॅम सोयाबीनचा चुरा घ्या. बाजारात सोया ग्रॅन्युल्स म्हणून मिळतो. वड्याच असतील तर कोरड्याच मिक्सरमधून एक झटका द्या. चुरा १० मिनिटं कडकडीत पाण्यात ठेवून घट्ट पिळला की साधारण तिप्पट भरतो, म्हणजे १८० ग्रॅमच्या आसपास. खिमा धरून ४३० झाले, इंग्रजी कृतीतल्या पाउंडाच्या अगदी जवळ. पिळायला मात्र आळस करू नका. भिजलेल्या पाण्यालाच सोयाबीनचा तो उग्र वास असतो. एकदा पिळून, साध्या पाण्यात खळबळून, परत पिळायचं.

साहित्य: खिमा २५० ग्रॅम, सोया चुरा ६० ग्रॅम, पास्ता ३५० ग्रॅम, कांदे २ मोठे, टोमॅटो ४ (साधारण ३५० ग्रॅम), आलं-लसूण वाटण दीड मोठा चमचा, तेल २ मोठे चमचे, हळद, तिखट १ लहान चमचा, सावजी मसाला १ लहान चमचा, मीठ २ लहान चमचे. मुलांसाठी तिखट अर्धं करा, पण सावजी मसाला पूर्ण काढू नका. पास्ता स्वतः मिळमिळीत असतो, त्याला मसाल्याचा वास लागतोच. एक ढोबळी मिरची किंवा गाजर असेल तर बारीक चिरून टाका.

आता क्रम. या पदार्थात सगळं गणित क्रमावर आहे.

कुकरात तेल तापवून कांदा लालसर करा. वाटण घाला, एक मिनिट परता. मग खिमा, आणि आच मोठी. खिम्याला सुरुवातीला भरपूर पाणी सुटतं. ते आटेपर्यंत तो उकडत असतो, भाजला जात नाही. पाणी आटलं, तेल दिसायला लागलं आणि खाली चरचर आवाज आला की मग ३-४ मिनिटं परता, गुठळ्या उलथण्याने मोडत. इथे घाई केली तर वास तसाच राहतो आणि रंगही करडा येतो. आता हळद, तिखट, मसाला, मीठ आणि एक वाटी (१५० मिली) पाणी. झाकण लावून मध्यम आचेवर ३ शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या.

झाकण काढून सोया चुरा आणि बारीक चिरलेले टोमॅटो घाला. उघड्यावर ७-८ मिनिटं, टोमॅटो पार विरघळून कडेने तर्री सुटेपर्यंत. मगच पास्ता. मटण आणि पास्ता एकदम घातले तर दोघांपैकी एकाचं वाटोळं ठरलेलं आहे: मटण खिम्याला प्रेशरखाली दहा-बारा मिनिटं लागतात, पास्त्याला चार-पाच.

पास्ता घालायच्या आधी, पास्त्यासाठी मोजलेल्या उकळत्या पाण्यातलं (माप खाली दिलंय) अर्धा वाटी पाणी ओतून लाकडी उलथण्याने तळ पूर्ण खरवडून घ्या. तळाला चिकटलेला मसाला तसाच राहिला तर तोच पुढे जळतो. मग पास्ता पसरा, उरलेलं उकळतं पाणी वरून ओता, दाबून पास्ता पाण्याखाली घ्या आणि आता ढवळू नका.

पाणी: पास्त्याच्या वजनाच्या दुप्पट. ३५० ग्रॅमला ७०० मिली. थंड पाणी घातलं तर कुकर तापायलाच सात-आठ मिनिटं जातात, तेवढा वेळ पास्ता कोमट पाण्यात भिजून वरून पिठूळ होतो आणि आत कच्चा राहतो. तुमची तिसरी अडचण बहुधा इथलीच आहे.

मध्यम-मोठ्या आचेवर एक शिट्टी, गॅस बंद, ५ मिनिटं थांबा, मग उरलेली वाफ चिमट्याने शिट्टी जरा-जरा उचलून काढा. एकदम उचलली तर पिठाळ फेस बाहेर उडतो. झाकण काढल्यावर पातळ दिसेल, घाबरू नका. दोन मिनिटं ढवळलं की पास्त्याचं पीठ रश्श्यात उतरून तो दाटतो.

---

दुरम_वाला:

वरचं माप बरोबर आहे, पण ते कोणत्या पास्त्याला, हे सांगायला हवं. पाकिटामागे घटक वाचा. "दुरम गव्हाची सूजी" किंवा "दुरम रवा" लिहिलं असेल तरच कुकरात टाका. स्वस्त सुट्या मॅकरोनीत बऱ्याचदा मैदा असतो, आणि मैद्याचा पास्ता एका शिट्टीतही मऊ पडून फुटतो. दुरम म्हणजे कठीण गहू, आपल्याकडचा बन्सी गहूही दुरमच. त्यातली प्रथिनं स्टार्चला जाळ्यासारखी धरून ठेवतात, म्हणून तो शिजून आकार टिकवतो. मैद्याच्या पास्त्यात ते जाळं ढिलं असतं, स्टार्च पाण्यात उतरतो आणि गिचका होतो.

मैद्याचाच घरात असेल तर उघड्या गंजात करा, कुकरात नाही.

आकारही महत्त्वाचा. पेने, फ्युसिली, एल्बो मॅकरोनी चालतात. स्पॅगेटी नको, मोडून घातली तरी एकमेकांना चिकटून जुडी होते आणि जुडीच्या आत पाणी जात नाही. शेवयांसारखा बारीक पास्ता तर अजिबातच नको.

शिजायचा वेळही पाकिटावरच असतो. त्याच्या निम्मा करून एक मिनिट वजा करा, तो प्रेशरचा वेळ. पाकिटावर १० मिनिटं असतील तर ४. शिट्टीच्या कुकरात "एक शिट्टी आणि ५ मिनिटं बंद आचेवर" हे साधारण त्याच्याच बरोबरीचं पडते. पाकिटावर १३ मिनिटं लिहिलेला जाड पास्ता असेल तर शिट्टीनंतर आच एकदम बारीक करून २ मिनिटं द्या, मग बंद.

---

कॉटन_मार्केट_पिशवी:

कुकर काहून पाहिजे बाप्पा? जाड बुडाचा गंज आहे ना ताईंजवळ. पास्त्यासाठी गंजच बरा. झाकण काढून पाहता येते, एक तुकडा दातात धरून पाहता येते, कमी वाटलं तर अर्धा वाटी पाणी टाकता येते. कुकरात एकदा झाकण लागलं की आपल्या हातात काही नाही.

खिमा कुकरात शिजवून घेजा (किंवा चिकनचा असेल तर सरळ गंजातच), पुढचं सगळं गंजात. पण पाण्याचं माप बदलते. उघड्यावर वाफ जाते, म्हणून दुप्पट पुरत नाही. अडीचपट ते पावणेतीनपट धरजा, ३५० ग्रॅमला ९०० ते ९५० मिली. आधी ८०० टाकजा, बाकीचं बाजूच्या शेगडीवर गरम ठेवून लागेल तसं. झाकण अर्धवट, आच मध्यम, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून उलथणं फिरवजा. पहिल्या तीन मिनिटांत फिरवणं सगळ्यात गरजेचं, तेव्हाच पास्त्याच्या अंगावरचं पीठ सुटते आणि एकमेकाला चिकटते.

भेदरं (टोमॅटो) स्वस्त असली की दोन किलो आणून, उकडून, साल काढून, वाटून फ्रीजरमध्ये पाव-पाव किलोच्या पिशव्या करून ठेवजा. डब्यातल्या टोमॅटोपेक्षा पुष्कळ स्वस्त. पिकलेली, लाल, मऊ घ्या. कडक, फिक्की भेदरं आंबट असतात आणि रस्सा फाटल्यासारखा लागतो. तशीच मिळाली तर चिमूटभर गूळ टाका. शेवटी मूठभर सांबार (कोथिंबीर).

---

मानेवाडा_स्वयंपाकघर:

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. थंड पाणीच घालत होते, आणि तळ खरवडत नव्हते. दोन शंका उरल्या. घरात एकाला सोयाबीन चालत नाही, मग खिम्यात दुसरं काय वाढवता येईल? मसूर चालेल का? आणि चिकनचा खिमा घेतला तर वेळ किती? म्हशीच्या मटणाबद्दलही वाचलं होतं.

---

गंजभर_रस्सा:

मसूर चांगला. अख्खा मसूर घ्या, डाळ नको. डाळ विरघळून रस्सा दाट करते आणि तीच तळाला बसून लागते. ७५ ग्रॅम अख्खा मसूर दोन तास भिजवून खिम्याबरोबरच त्या ३ शिट्ट्यांत शिजवा, पाणी एका वाटीऐवजी दोन वाट्या. टोमॅटो मसूर शिजल्यानंतरच. आंबटात मसुराची साल मऊ पडत नाही, कितीही शिट्ट्या द्या, दाणा टचटचीतच राहतो. झाकण काढल्यावर जे पाणी उरलं असेल ते पास्त्याच्या ७०० मिलीतून वजा करा.

कुकर किती भरतो त्याकडेही लक्ष असू द्या. पास्ता भात-डाळीसारखा फेसाळतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. वरचं माप ५ लिटरच्या कुकरात जेमतेम अर्ध्यापर्यंत येतं. पाहुणे आले म्हणून त्यातच अर्धा किलो पास्ता घालू नका, फेस शिट्टीच्या भोकात अडकतो आणि ते धोक्याचं आहे. जास्त माणसं असतील तर गंज. पास्ता घातल्यावर वरून एक लहान चमचा तेल सोडलं तर फेस कमी येतो.

---

खाटीकखान्याचं_गणित:

मांसाचं मी सांगतो.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू, बैल यांच्या मांसावर बंदी आहे. तेव्हा इंग्रजी कृतीतल्या बीफच्या जागी इथे कायद्याने मिळतं ते म्हशीचं. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी परवानाधारक दुकानातूनच घ्यावं. मटणापेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण ते गडद, कमी चरबीचं आणि चिवट धाग्याचं असतं. म्हणून तेल एक चमचा वाढवा, खिमा दोनदा यंत्रातून काढून घ्या आणि ३ ऐवजी ५ शिट्ट्या द्या. बाकी कृती तीच.

चिकनचा खिमा सगळ्यात स्वस्त आणि झटपट. छातीचा नको, मांडीच्या बोनलेसचा करून मागा. छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, ते परतताना कोरडं होऊन रबरासारखं लागतं. चिकनला कुकरच्या वेगळ्या शिट्ट्या नकोत: पाणी आटेपर्यंत परतायचं, मसाला, टोमॅटो, लगेच पास्ता. पुढची एक शिट्टी दोघांनाही पुरते.

कोणतंही असो, आधीच दळून ठेवलेला खिमा घेऊ नका. तुकडा निवडा, वजन करा, समोर दळून घ्या. मटणात पाठ किंवा खांदा मागा, आणि चरबी पूर्ण काढायला सांगू नका. पाव किलोत ४० ग्रॅमच्या आसपास चरबी असली तर तेच तेलाचं काम करते आणि चवही तिच्यातच असते. धुवायचाच असेल तर दळण्याआधी तुकडा धुऊन पुसा. दळलेला खिमा धुतला की तो पाणी धरून बसतो, मग अर्धा तास परतला तरी भाजला जात नाही. त्याच दिवशी शिजवा, फार तर फ्रीजमध्ये एक दिवस.

---

दुरम_वाला:

चीजबद्दल कोणी बोललं नाही. दूध किंवा साय टोमॅटोच्या रश्श्यात उकळीवर घातली तर फाटते. गॅस बंद करून पाच मिनिटांनी घाला. प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब किसून पाच जणांना पुरतात, ते फाटत नाही, पण खारट असतं. चीज घालणार असाल तर आधीचं मीठ दीडच चमचा. चीजशिवायही पदार्थ पूर्ण आहे, बजेट जपायचं तर पहिल्यांदा तेच काढा.

---

कॉटन_मार्केट_पिशवी:

उरलं तर एक सांगून ठेवतो. पास्ता गार झाल्यावरही रस्सा पीत राहते, सकाळी पाहाल तर गोळा. मायक्रोवेव्हमध्ये तसाच टाकू नका, कोरडा पडते. कढईत अर्धा वाटी पाणी उकळून त्यात पास्ता मोकळा करजा, झाकण ठेवून चांगली वाफ येईपर्यंत. मुलांच्या डब्याचा बेत असेल तर रात्रीच गॅसवरून थोडा कमी शिजलेला आणि थोडा पातळ काढून ठेवजा. अन् मे महिन्यात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही. आपल्या उन्हाळ्यात मांसाचं शिजलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर नको, उथळ डब्यात पसरून लवकर फ्रीजमध्ये.