नवी कानस आधी पितळेवर

नवी कानस, म्हणजे धातू घासायचं दातेरी हत्यार, महिन्यात बोथट झाली म्हणताय, पण ती पहिल्यांदा कशावर चालवली? वडोदऱ्यात मकरपुऱ्याला माझ्या कामाच्या बाकावर नवी कानस आधी पितळेवरच चालते, मग माइल्ड स्टीलवर, म्हणजे मऊ पोलादावर. थेट कडक पोलादावर घातली की दातांची टोकं तुटतात. कानस मागे ओढताना दाब सोडा.

ॲल्युमिनियमला आधी कानशीवर खडू घासा, नाहीतर दातांत कण अडकून कामावर खोल ओरखडा पडतो. तारेचा ब्रश दातांच्या ओळीनेच मारायचा. तरी न निघालेला कण मी पितळी पट्टीच्या कडेनं ढकलतो. चार वेळा ढकलली की पट्टीला दातांच्याच खाचा पडतात आणि ती नेमकी तळापर्यंत जाते.

आणि कृपा करून मुठीशिवाय कानस चालवू नका, मूठ बसवायची टोकदार शेपूट तळहातात घुसते.