प्रतिसाद: नुसती गार टोपी का पुरत नाही

जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूची इजा कमी व्हावी म्हणून मेंदूच गार करायचा, तर डोक्याला गार टोपी पुरे, सगळं अंग कशाला, असं वर विचारलंय. घोळ रक्ताचा आहे. टोपीने मेंदूचा वरचा थर निवतो, पण आतल्या भागाला शरीरातलं कोमट रक्त ऊब देतच राहतं. म्हणून २००५ च्या 'कूलकॅप' चाचणीतही टोपीबरोबर अंगाचं तापमान ३४-३५ अंशांवर आणलं होतं. सर्वांग गार करायच्या पद्धतीत जन्मापासून ६ तासांच्या आत सुरुवात, ३३.५ अंश सेल्सिअस, ७२ तास. मग अगदी सावकाश ऊब. (घरी बर्फ लावायचा हा उद्योग नव्हे!) मात्र भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या 'हेलिक्स' चाचणीत, २०२१ साली, थंड केलेल्या गटात मृत्यू जास्तच निघाले. तेव्हा इकडे सरसकट वापराबाबत मी तरी साशंक आहे.